दाढ, कवळी आणि हप्ते

या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांत दातांपेक्षा पैशांचीच चिंता जास्त दिसते, म्हणून खर्चाचे प्रश्न आधी घेतले आहेत. खाली दिलेले दर शहरातल्या साध्या खासगी दवाखान्यांचे ढोबळ अंदाज आहेत. भाग, डॉक्टर आणि कॅप बनवणारी लॅब बदलली की आकडे खालीवर होतात.

प्रश्न : खालच्या दाढेला रूट कॅनाल सांगितलंय. कागदावर लिहून दिलेला खर्च असा : एक्स-रे 600, रूट कॅनाल 6,500, दाढ बांधून घेणं 1,500, झिर्कोनियाची कॅप 12,000, निर्जंतुक किट 400. एकूण 21,000. शेजारचे काका म्हणतात, हजार रुपयांत दाढ काढून मोकळा हो. कॅप खरंच लागते, की बिल फुगवायचा प्रकार आहे? (चिंचवड)

कॅप लागते. बारा हजारांचीच लागते असं मात्र नाही.

रूट कॅनाल करताना दाढेच्या माथ्यावरून आत शिरून सडलेली नस काढतात. दाढेचा बराच भाग किडीने आधीच खाल्लेला असतो, त्यात आत जायला वाट करायची म्हणून आणखी थोडा कोरावा लागतो. उरतात त्या चार बाजूंच्या भिंती आणि मधली पोकळी. ती सिमेंटने भरली तरी चिक्की, सुपारी, कडक भाकरीचा पापुद्रा चावताना जोर भिंतींना बाहेर ढकलतो. एक दिवस भिंत उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढण्यावाचून इलाज नसतो आणि आधीचे सगळे पैसे पाण्यात जातात. लाकडी पिंपाला लोखंडी कडं असतं ना, कॅप तेच काम करते. पुढच्या पटाशीच्या दातावर असा जोर येत नाही, म्हणून तो दात बराचसा शाबूत असेल तर नुसतं सिमेंट भरूनही चालतं.

आता कॅप कशाची. संपूर्ण धातूची कॅप साधारण 2,500 ते 3,500 रुपयांत होते. तिच्यासाठी दाढ कमीत कमी तासावी लागते आणि तिचा टवका उडत नाही. फक्त ती चंदेरी दिसते. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप 3,500 ते 6,000 पर्यंत पडते, तिचं वरचं सिरॅमिक कधीतरी उडू शकतं. झिर्कोनिया 8,000 च्या पुढे. ती मजबूत आहे, दाताच्या रंगाची आहे, पण हसताना न दिसणाऱ्या मागच्या दाढेसाठी ती हौस आहे, गरज नव्हे. धातूची घेतलीत तर तुमचं बिल 21,000 वरून 12,000 च्या आसपास येईल. निकेलची ॲलर्जी असेल (खोटे दागिने घातल्यावर कानाला खाज, पुरळ) तर तेवढं आधी सांगा. निकेल नसलेला धातूही मिळतो.

किटचे 400 रुपये ही रक्कम छोटी असली तरी विचारायला हवं. अवजारं निर्जंतुक करणं हे दवाखान्याचं रोजचं काम आहे. तुमच्यासमोर सीलबंद पाकीट फोडलं जातंय का आणि पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला आहे का, एवढं बघा. वाफेच्या यंत्रातून निघालेल्या पाकिटावरच तो रंग बदलतो.

खरी कसोटी 6,500 च्या कामाची आहे. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन नळ्या (मुळांमधल्या नसेच्या वाटा) असतात, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी बऱ्याचदा असते आणि ती केसाएवढी बारीक असल्याने हुकते. हुकलेली नळी आतल्या आत सडत राहते आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा पू धरतो. म्हणून 'किती नळ्या सापडल्या?' असं सरळ विचारा. दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवणार का, हेही विचारा. तो लावला की थुंकी आत जात नाही आणि नळ्या धुवायचं औषध, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घशात उतरत नाही. काम झाल्यावर शेवटचा एक्स-रे दाखवायला सांगा. त्यात मुळात भरलेला पांढरा धागा दिसतो. तो मुळाच्या टोकापर्यंत किंवा टोकाच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडेपर्यंत पोचलेला हवा. अर्ध्यावर थांबला असेल किंवा टोकाबाहेर लोंबत असेल तर कॅप बसवायच्या आधी त्याबद्दल बोला, नंतर नाही.

दुखायचं थांबलं की पुष्कळ लोक कॅपला टांग मारतात. वरचं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. ते झिजलं की थुंकीबरोबर जंतू आत उतरतात. रूट कॅनालनंतर महिन्याच्या आत कायमचं सिमेंट आणि कॅप उरकून घ्या.

काकांचा सल्ला सर्वस्वी चुकीचा नाही. दाढ हिरडीच्या खाली फुटली असेल, मूळ चिरलं असेल किंवा दाढ हाडातून सुटून हलत असेल, तर तिच्यावर वीस हजार घालू नयेत. हिरडीच्या वर चोहीकडून निदान दीड-दोन मिलिमीटर टणक दात शिल्लक असला तरच कॅपला पकड मिळते. पण दाढ वाचण्याजोगी असताना काढली, तर शेजारची दाढ रिकाम्या जागेत कलते, समोरची खाली उतरते, आणि पुढे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) किंवा इम्प्लांट (हाडात स्क्रू घालून बसवलेला दात) करायला गेलात की आज वाचलेल्यापेक्षा जास्त पैसे जातात.

प्रश्न : दाढ रात्रभर ठणकत होती. मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, दोनच दिवसांत थांबली. आता जायची गरज आहे का? (बार्शी)

आहे, आणि आता जास्त. रात्रभर ठणकणारी दाढ आपोआप गप्प बसते तेव्हा बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते. अँटिबायोटिक रक्तातून जातं आणि मेलेल्या नसेत रक्त पोचत नाही, त्यामुळे औषध सुजेला तेवढं उतरवतं. घाण दाढेतच राहते.

घरगुती उपायांत तीन गोष्टी सांभाळा. दुखऱ्या दाढेशेजारी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, गाल-हिरडी भाजून पांढरी पडते. लवंगेचं तेल कापसाच्या अगदी छोट्या बोळ्यावर, तेही दाढेच्या खड्ड्यातच; हिरडीला लागलं तर तेही भाजतं. गालावर सूज असेल तर बाहेरून शेक देऊ नका.

सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरू लागली, गिळायला त्रास होऊ लागला, तोंड उघडेना, ताप आला, यातलं काहीही झालं तर दातांच्या दवाखान्याची वेळ घेत बसू नका. थेट मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. या सुजेने श्वासाची वाट बंद होऊ शकते.

प्रश्न : चार इम्प्लांट, वरच्या कॅपसह 2,40,000 सांगितले. दवाखान्यातच 'बिनव्याजी' हप्ते करून देतात, महिना 20,000 प्रमाणे बारा महिने. माझा पाच लाखांचा आरोग्य विमा आहे. तो चालेल का? हप्ते घ्यावेत का? (ठाणे)

विमा बहुधा चालणार नाही. रुग्णालयात दाखल होण्यावर आधारलेल्या नेहमीच्या पॉलिसींमध्ये दातांचे उपचार वगळलेले असतात. अपघातात जबडा-दात मोडले आणि त्यासाठी दाखल व्हावं लागलं, तर तेवढे मिळतात. काही पॉलिसींत आणि कंपनीच्या गटविम्यात बाह्यरुग्ण खर्चाची वेगळी मर्यादा असते. पॉलिसीच्या कागदात 'वगळलेल्या बाबी' आणि 'बाह्यरुग्ण' हे दोनच भाग वाचा. अशी मर्यादा असेल तर ती दर वर्षी नव्याने मिळते आणि न वापरलेली सहसा पुढे जात नाही. त्यामुळे घाई नसलेलं काम पॉलिसी वर्षाच्या दोन्ही बाजूंना वाटून करता येतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतूनही सिमेंट, रूट कॅनाल, इम्प्लांट होत नाहीत. जबड्याचं फ्रॅक्चर, तोंडाचा कर्करोग यांसारख्या मोठ्या गोष्टी तिच्यात येतात. ज्यांचा पगार 21,000 पर्यंत आहे आणि ज्यांचा ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) हप्ता कापला जातो त्यांनी मात्र ईएसआयच्या रुग्णालयातल्या दंतविभागाची चौकशी जरूर करावी. दर महिन्याला पैसे भरूनही कित्येकांना तो विभाग असतो हेच माहीत नसतं.

आता हप्ते. हे उधारीखातं नव्हे, तुमच्या नावावर एका वित्तसंस्थेने दिलेलं कर्ज आहे. कर्ज मंजूर झालं की रक्कम दवाखान्याला मिळते आणि तुमचे हप्ते सुरू होतात. 'बिनव्याजी' असेल तेव्हा व्याज सहसा दवाखाना सोसतो, म्हणजे ते आधीच किमतीत धरलेलं असू शकतं. त्यासाठी पहिला प्रश्न : 'सगळे पैसे टप्प्याटप्प्याने मीच दिले तर किती?' आकडा खाली आला तर तो फरक म्हणजे तुमचं व्याज. दुसरं, प्रक्रिया शुल्क, विलंब शुल्क आणि वार्षिक दर एका पानावर लिहिलेलं तथ्यपत्रक कर्जासोबत द्यावं लागतं. ते हातात आल्याशिवाय मोबाइलवर आलेला ओटीपी सांगू नका. डिजिटल कर्जात सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंडाविना माघार घेता येते, ती मुदतही त्याच कागदावर असते.

घोळ होतो तो वेळापत्रकात. इम्प्लांट म्हणजे एका दिवसाचं काम नाही. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, त्याला हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने देतात, मग त्यावर जोडखांब आणि त्यावर कॅप. हाड कमी असेल तर हाडाची भर घालावी लागते आणि त्रिमितीय स्कॅन लागतो. हे दोन्ही 2,40,000 मध्ये धरलेत की वेगळे, ते लिहून घ्या. मधे डॉक्टर बदलले, दवाखाना बंद झाला किंवा तुमची बदली झाली, तरी वित्तसंस्था हप्ता थांबवत नाही, आणि थकलेला हप्ता तुमच्या सिबिल नोंदीवर चढतो. आमच्या मते स्क्रू बसवताना चाळीस टक्के, जोडखांबाच्या वेळी वीस आणि कॅप बसल्यावर चाळीस अशी वाटणी मागावी. चांगले दवाखाने ती नाकारत नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनीचं नाव, व्यास, लांबी आणि बॅच क्रमांक असलेलं सोलून काढता येणारं स्टिकर असतं. चारही स्टिकर तुमच्या फाइलला चिकटवून घ्या. दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला तर नव्या डॉक्टरांना नेमक्या त्याच कंपनीचा पेचकस आणि सुटे भाग लागतात. स्टिकर नसेल तर ते एक्स-रेवरून अंदाज करत बसतात.

तंबाखू सुरू असेल किंवा मधुमेह हाताबाहेर असेल तर हे सगळं पुढे ढकला. हाड स्क्रूला धरत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वर्षाला किंवा सहा महिन्यांना इंजेक्शन घेत असाल तर ते आधी सांगा; त्या औषधांवर असताना जबड्याचं हाड भरून यायला अडचण येते.

प्रश्न : आईचं वय 68, मधुमेह आहे, खाली-वर मिळून सहा-सात दात उरलेत, तेही हलतात. खासगीत कवळीचा खर्च झेपणारा नाही. नागपूरच्या सरकारी कॉलेजात नेलं तर विद्यार्थी हात साफ करून घेतात म्हणे. (हिंगणघाट)

विद्यार्थी करतात हे खरं, पण प्रत्येक टप्पा शिक्षकांनी पाहून सही केल्याशिवाय पुढे सरकत नाही. शिवाय त्यांना परीक्षेसाठी ठरावीक संख्येने पूर्ण कवळीचे रुग्ण लागतात, त्यामुळे आईसारख्या रुग्णाचं स्वागतच होईल. किंमत मोजावी लागते ती वेळेची. खासगीत तासाभरात होणारी गोष्ट तिथे अर्धा दिवस घेते.

नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातच आहे. तुम्हाला वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं खासगी दंत महाविद्यालय जवळ पडेल. खासगी महाविद्यालयांतही रुग्ण लागतात म्हणून दर दवाखान्यापेक्षा बरेच कमी असतात. मुंबईत सीएसएमटीशेजारी सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचं शासकीय, गोव्यात बांबोळीचं, ही इतर वाचकांसाठी.

सकाळी लवकर पोचा. केसपेपर काढला की आधी तपासणी विभाग, मग एक्स-रे, मग दात काढायचा विभाग. आईला उपाशी नेऊ नका. नाश्ता आणि मधुमेहाची नेहमीची गोळी घेऊनच न्या. भीतीने उपाशी राहिलेल्या मधुमेही माणसाला खुर्चीतच साखर उतरून चक्कर येते. अलीकडची एचबीए1सीची (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची) तपासणी आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत असू द्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही. हृदयाचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर मिळून काय ते ठरवतील.

दात काढल्यावर हिरडी भरून बसायला साधारण दीड ते तीन महिने जाऊ द्या. घाईने केलेली कवळी हाड बसलं की सैल होते. पुढे चार-पाच फेऱ्या : पहिलं माप, त्यावरून बनवलेल्या खास ट्रेमध्ये दुसरं माप, मेणाच्या कडा तोंडात ठेवून जबड्यांमधलं अंतर, मग मेणात रोवलेले दात लावून बघणं, आणि शेवटी कवळी. यातली मेणातल्या दातांची फेरी सर्वांत महत्त्वाची, कारण नंतर फारसं काही बदलता येत नाही. त्या दिवशी घरातलं कोणीतरी सोबत जा. आईला आरशात बघू द्या, ओठ पुढे आलेत का, दात फार मोठे वाटतात का, मधली रेषा नाकाच्या सरळ रेषेत आहे का ते पाहा. तिला 'सासवड, सहासष्ट, सदुसष्ट' मोठ्याने म्हणायला सांगा. स म्हणताना शिट्टी वाजली किंवा दात एकमेकांवर आपटले तर तिथेच सांगा. लाजून 'बरं आहे' म्हटलं की पुढची काही वर्षं तीच कवळी.

खालची कवळी वरच्यापेक्षा नेहमीच सैल वाटते. तिला टेकायला जागा कमी आणि जीभ सतत हलवणारी. पहिले दोन आठवडे मऊ भात, आमटीत कुस्करलेली भाकरी, दोन्ही बाजूंनी चावून. टोचलं तर नेलकटर किंवा फाइलने घरी घासू नका, ती कवळी तोंडात ठेवूनच डॉक्टरांकडे जा म्हणजे लाल झालेली जागा दिसते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्यात ती वाकते. टूथपेस्टने चरे पडतात, म्हणून मऊ ब्रश आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब पुरे. धुताना खाली पाण्याची बादली ठेवा. कवळ्या मोडतात त्या बेसिनमध्ये पडूनच.

आईचा आरोग्य विमा नसेल आणि तुम्ही जुन्या कर पद्धतीत असाल तर ज्येष्ठ नागरिकाच्या वैद्यकीय खर्चावर वर्षाला 50,000 पर्यंत वजावट मिळते. मात्र रोख दिलेले पैसे धरत नाहीत. यूपीआय किंवा चेकने द्या आणि आईच्या नावाची पावती घ्या.

प्रश्न : सासूबाई तीस वर्षं मशेरी लावतात. हिरड्या खाली गेल्यात, दात लांब दिसतात. 'दात साफ केले की हलायला लागतात' म्हणून त्या डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. (संगमनेर)

त्या बघतात ते खरं आहे, कारण वेगळं आहे. दात आणि हिरडी यांच्या मधे किटण साचून दगडासारखं होतं. त्याच्याखाली हाड झिजत जातं. शेवटी दात हाडाने कमी आणि किटणाच्या थराने जास्त धरलेले असतात. किटण काढलं की आधीच सुटलेला दात उघडा पडतो. ते तसंच ठेवलं तर उरलेलं हाडही जातं. साफ केल्यावर चार-आठ दिवस गार पाण्याने दात शिवशिवतात, फटी दिसतात. मग हिरडी आवळते. साधारण 800 ते 2,000 रुपयांचं हे काम आहे, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दंतचिकित्सक असतील तर नाममात्र पैशांत होतं.

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने दुखणं बधिर होतं म्हणून ती दातांना चांगली वाटते. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? बऱ्याच बायकांना सकाळी पोट साफ व्हायलाही तीच लागते, त्यामुळे 'सोडा' एवढं म्हणून भागत नाही. आधी दुपारची आणि रात्रीची बंद, सकाळच्या वेळेला कोमट पाणी आणि थोडं चालणं, असं उतरत न्या. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

घरीच एक तपासणी करा. उजेडात तोंड उघडायला सांगा. त्यांचीच तीन बोटं उभी दातांच्या मधे जायला हवीत. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट सहन न होणं यांपैकी काही असेल तर आधी ते दाखवा, दात नंतर. तिशीच्या पुढच्यांची तोंडाच्या कर्करोगासाठीची तपासणी आरोग्य उपकेंद्रात मोफत होते. 'दात साफ करायला चला' म्हटलं तर सासूबाई येणार नाहीत. 'तोंड तपासून घेऊ' म्हणून न्या.

प्रश्न : मुलगा साडेसहा वर्षांचा. मागच्या दाढेत काळा ठिपका आहे. दुधाची दाढ पडणारच आहे, तर खर्च कशाला? (कोल्हापूर)

ती दुधाची नसण्याची शक्यता मोठी आहे. समोरच्या दोन दातांच्या मधून एका बाजूला मोजत जा : एक, दोन पटाशीचे, तिसरा सुळा, चौथी-पाचवी दुधाची दाढ. सहावी असेल तर ती कायमची. सहाव्या वर्षाच्या सुमाराला ती दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते, कुठलाही दात न पाडता. त्यामुळे तिचं आगमन घरात कोणाच्या लक्षात येत नाही आणि तीच सर्वांत आधी किडते. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि ब्रशचा केस खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही. ठिपका वरवरचा असेल तर खाचा बुजवणारा पातळ लेप पुरतो. सुई न टोचता, दहा-पंधरा मिनिटांत होतो. पोकळी झाली असेल तर सिमेंट. वर्षभर थांबलात तर याच दाढेचं रूट कॅनाल, तेही मुळांची टोकं अजून उघडी असताना, म्हणजे अवघड आणि महाग.

पाचव्या क्रमांकाची दुधाची दाढही दहा-बारा वर्षांपर्यंत राहते. ती लवकर काढली तर सहावी पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही.

फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी. तीन वर्षांखालच्या भावंडाला तांदळाच्या दाण्याएवढी. घासल्यावर थुंकायचं, पण चूळ भरून सगळं फ्लोराइड धुऊन टाकायचं नाही. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश आईवडिलांच्या हातून. खाऊच्या बाबतीत किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे मोजा. दिवसभर एकेक बिस्कीट चघळणारं पोर जेवणानंतर एकदम चॉकलेट खाणाऱ्यापेक्षा दात लवकर किडवतं. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते दातही बघतं. त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात राहू देऊ नका.

प्रश्न : आमच्या गावात सगळ्यांच्याच दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. साफ केले तरी जात नाहीत. फ्लोराइडची पेस्ट बंद करावी का? (यवतमाळ जिल्हा)

ते डाग दाताच्या आत आहेत, वर नाहीत; म्हणून साफ करून जात नाहीत. कायमचे दात हिरडीखाली तयार होत असताना, साधारण आठव्या वर्षापर्यंत, पाण्यातून जास्त फ्लोराइड गेलं की असं होतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. एका लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 ही शेवटची हद्द. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. आरओने ते कमी होतं. लहान मुलांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी आधी बदला.

मोठ्यांनी पेस्ट बंद करायचं कारण नाही, कारण नवे डाग आता पडत नाहीत. सहा वर्षांखालची मुलं पेस्ट गिळतात, त्यांच्यासाठी मात्र डॉक्टरांना विचारून ठरवा. फिकट डाग दाताचा अगदी वरचा थर घासून आणि ब्लीच करून बरेच कमी होतात, गडद डागांवर दाताच्या रंगाचं सिमेंट चढवतात. विटेची भुकटी, राख, कोळसा यांनी घासलात तर डाग राहतील आणि दात झिजतील.

प्रश्न : डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी साताऱ्याला येतोय. दातांची सगळी कामं उरकता येतील? (शारजा)

सगळी नाही. किटण काढणं, सिमेंट, अक्कलदाढ काढणं, एक-दोन रूट कॅनाल आणि कॅप होतील. पहिल्याच दिवशीची वेळ आत्ताच घ्या आणि पूर्ण जबड्याचा एक्स-रे शारजातच काढून आधी पाठवा. दाढ काढायची तर पहिल्या आठवड्यात. कॅपचं माप दिल्यापासून लॅबला चार-सहा दिवस लागतात, म्हणून माप दुसऱ्या आठवड्यातच गेलं पाहिजे. परतीच्या आधीचे चार दिवस मोकळे ठेवा. नवी कॅप चावताना उंच लागते, ती घासून घ्यायला एक फेरी लागतेच, आणि लग्नाच्या जेवणावळींत ते लक्षात येतं. इम्प्लांट करायचंच तर या खेपेला स्क्रू आणि पुढच्या खेपेला कॅप. दातांना तारा मात्र तिथेच लावा, त्यांना महिन्याला बघावं लागतं.

प्रश्न : बसवलेली कॅप आठ महिन्यांत दोनदा निघाली. डॉक्टर पुन्हा पैसे मागतात. तक्रार कुठे करायची? (इचलकरंजी)

आधी कॅप जपून ठेवा आणि फेविक्विकने चिकटवू नका. ती आत तिरकी बसली तर दाढच जाते. एकदा निघाली तर सिमेंटचा दोष म्हणता येईल. दोनदा निघते तेव्हा बहुधा खालचा दात फार आखूड असतो, कॅप चावताना उंच लागते किंवा आत पुन्हा कीड असते. कारण विचारा आणि एक्स-रे मागा. नुसतं पुन्हा चिकटवून घेऊ नका. झिर्कोनियाच्या कॅपसोबत लॅबचं हमीपत्र मिळतं, पण ती हमी कॅप फुटण्यापुरती असते. बसवण्याच्या कामाला ती लागू नाही.

बोलणं फिसकटलं तर बिल, एक्स-रे, चिठ्ठ्या जमवा. दुसऱ्या दंतवैद्याचं लेखी मत घ्या. डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे जाते. पैसे हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, एवढ्यावरही पुष्कळदा मिटतं. बिलच घेतलं नसेल तर यूपीआयची नोंद आणि वेळ ठरवतानाचे संदेश काढून ठेवा.

प्रश्न : क्रिकेट खेळताना बारा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात मुळासकट पडला तर तो परत बसतो का? (रत्नागिरी)

बसतो, पण घड्याळ बघून. दात पांढऱ्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दूध किंवा सलाइन दहा सेकंद वरून सोडा. कापडाने पुसायचा नाही, घासायचा नाही. मुलगा शुद्धीवर असेल तर दात त्याच खाचेत हलकेच बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर गार दुधाच्या पेल्यात टाका, पाण्यात नको. अर्ध्या तासात डॉक्टरकडे पोचला तर जगायची शक्यता चांगली, तासानंतर ती झपाट्याने उतरते. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताला इजा होते.